भातानंतरची सुस्ती: कारण कसे शोधावे आणि ताट कसे बदलावे

वरण-भात, चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि शेवटी पुन्हा थोडा ताक-भात असे जेवण झाले की अर्ध्या-पाऊण तासात पापण्या जड होतात, समोरच्या कागदावरची एकच ओळ दोनदा वाचावी लागते आणि साधी बेरीजही पटकन जुळत नाही, ही तक्रार नागपुरात सर्रास ऐकू येते. तिच्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: भात सोडा, ज्वारी धरा, साखर तपासून घ्या. यांतला प्रत्येक सल्ला कोणाला ना कोणाला लागू पडतो. परंतु आपल्याला कोणता लागू आहे हे पाहण्याआधीच अनेकजण ताटातून भात हद्दपार करतात आणि महिनाभरात सुस्ती होती तशीच राहिली की निमूटपणे भाताकडे परततात. म्हणून येथे आधी कारण शोधण्याची पद्धत आणि मग ताटातले बदल, असा क्रम ठेवला आहे.

सुस्ती येते कोठून

दुपारची सगळीच मरगळ जेवणातून येत नाही. शरीराच्या चोवीस तासांच्या लयीत दुपारी साधारण एक ते चारच्या दरम्यान जागरूकता थोडी उतरते आणि हा उतार त्या दिवशी न जेवलेल्या माणसातही दिसतो. रात्रीची झोप अपुरी असेल तर तो अधिक जाणवतो. मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रात पाळ्या बदलून काम करणाऱ्याने किंवा रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल पाहणाऱ्याने दुपारच्या डुलक्यांचे खापर भातावर फोडू नये.

तरीही कर्बोदकांचा स्वतःचा वाटा आहे. भात, पोळी, पोहे, साबुदाणा, बटाटा आणि साखर या सर्वांचे पचन होऊन शेवटी रक्तात ग्लुकोज येते. मऊ शिजलेला पांढरा भात किंवा गोड पेय घेतल्यास ते वेगाने येते, डाळी-उसळी आणि भाज्यांच्या सोबतीने घेतल्यास सावकाश येते. ग्लुकोज वाढल्यावर स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात ऑरेक्सिन नावाचे द्रव्य तयार करणाऱ्या काही पेशी आपल्याला जागे ठेवण्याचे काम करतात. ग्लुकोज वाढले की या पेशींचे काम मंदावते आणि प्रथिनांतून मिळणारी अमिनो आम्ले त्यांना चालना देतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. याखेरीज इन्सुलिनमुळे रक्तातील बरीच अमिनो आम्ले स्नायूंकडे ओढली जातात, त्यामुळे मागे राहिलेल्या ट्रिप्टोफॅनला मेंदूत शिरण्यासाठी स्पर्धा कमी होते, आणि ट्रिप्टोफॅनपासून झोपेशी संबंध असलेले सेरोटोनिन तयार होते. मात्र जेवणात थोडी जरी प्रथिने असली तरी हा दुसरा परिणाम बराच पुसला जातो. व्यवहाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की अडचण भातापेक्षा एकट्या भाताची आहे.

जेवणाचा एकूण आकार आणि त्यातले तेल हे तिसरे कारण. मोठे, स्निग्ध जेवण पोटात जास्त वेळ राहते आणि आतड्यातून तृप्तीचे संकेत देणारी संप्रेरके सुटतात, ज्यांच्यामुळे आळस येतो. ‘जेवल्यावर मेंदूचे रक्त पोटाकडे जाते’ हे स्पष्टीकरण मात्र आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त मान्यता पावलेले आहे. निरोगी माणसात मेंदूचा रक्तपुरवठा शरीर काटेकोरपणे सांभाळते. वयस्कर व्यक्तींची गोष्ट वेगळी असून तिच्याकडे पुढे वळू.

आधी वहीत नोंद करावी

आहारात काहीही न बदलता किमान एक आठवडा नोंद ठेवावी आणि त्या आठवड्यात कामाचे दिवस व सुटी दोन्ही यावेत. रात्री किती तास झोप झाली, जेवण किती वाजता सुरू केले, ताटात काय व अंदाजे किती होते, सुस्ती किती वाजता सुरू झाली आणि किती वाजता उतरली, एवढे लिहिणे पुरेसे आहे. प्रमाण लिहिताना ग्रॅममध्ये जाण्याची गरज नाही. घरातली एकच वाटी ठरवून घ्यावी आणि तिने मोजावे. सोबत सुस्तीला शून्य ते दहा असा आकडा द्यावा, कारण ‘आज बरे वाटले’ या शब्दांवरून दोन दिवसांची तुलना करता येत नाही.

या नोंदीतली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे घड्याळ. जेवण सुरू केल्यापासून अर्धा ते दीड तासात डोळे मिटू लागत असतील आणि बाकी काही होत नसेल, तर तो कर्बोदके, जेवणाचा आकार आणि दुपारचा नैसर्गिक उतार यांचा मिळून परिणाम असण्याची शक्यता जास्त आहे. जेवणानंतर दोन ते चार तासांनी हात थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे, एकदम भूक लागणे आणि चिडचिड होणे असा प्रकार असेल, तर रक्तातली साखर चढून नंतर फार उतरत आहे काय याचा विचार करावा लागतो. जेवून उठताच चक्कर येते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आडवे झाले की बरे वाटते, असे वय झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत होत असेल तर साखरेआधी रक्तदाब मोजावा. आणि दिवसभर थकवा असून दुपारी तो फक्त ठळकपणे जाणवत असेल, तर कारण जेवणाबाहेर आहे.

वेळ पाहून झाली की वेगवेगळ्या जेवणांची तुलना करावी. येथे नागपूरकरांच्या हाती एक सोयीची कसोटी आयतीच आहे. रविवारी सावजी मटणाचा रस्सा आणि जेमतेम एक भाकरी, म्हणजे भरपूर प्रथिने, भरपूर तेल आणि बेताची कर्बोदके, असे जेवूनही वरण-भाताइतकीच झोप येत असेल, तर कर्बोदकांवर संशय घेण्याचे कारण उरत नाही; जेवणाचा आकार, तेल किंवा रविवारची सैल दुपार यांपैकी काहीतरी आहे. उलट त्या दिवशी डोके स्वच्छ राहत असेल आणि मंगळवारच्या भात-पोळी-बटाट्यानंतर मात्र धुके दाटत असेल, तर पुढील बदल आपल्यासाठी आहेत. शाकाहारी घरात हीच तुलना झुणक्याच्या किंवा पातोडीच्या रस्स्याच्या जेवणाशी करता येईल, कारण बेसनात प्रथिने चांगली असतात. फक्त त्या दिवशी पोळ्यांची संख्या वाढू देऊ नये.

ताटातले बदल, एका वेळी एक

कोणताही बदल तीन-चार दिवस टिकवावा, त्याच वहीत सुस्तीचा आकडा लिहावा आणि मगच पुढच्या बदलाकडे जावे. सर्व बदल एकाच सोमवारी सुरू केले तर नेमके कशाने बरे वाटले हे कळत नाही, आणि ज्याची गरज नव्हती असे पथ्यही गळ्यात पडते.

सुरुवात हिशेबाने करावी. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदके असतात, ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सुमारे ४०, आणि १५० ग्रॅम शिजलेल्या भाताच्या वाटीत ४० ते ४५. मेसच्या किंवा घरच्या डब्यातल्या चार पोळ्या, दीड वाटी भात आणि बटाट्याची भाजी यांची बेरीज दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते, आणि त्याच डब्यातल्या पातळ वरणातून मिळणारी प्रथिने मात्र बोटांवर मोजण्याइतकी असतात. तुरीच्या डाळीत साधारण २२ टक्के प्रथिने असली तरी ती डाळ वाटीत किती आहे यावर सर्व अवलंबून असते. ३० ग्रॅम डाळीचे दाट वरण ६ ते ७ ग्रॅम प्रथिने देते आणि तेच पाणी घालून वाढवले की निम्मे उरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत तृणधान्यांतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून अधिक असू नये असे म्हटले आहे. आपल्याकडच्या दुपारच्या डब्याला ही मर्यादा सहज ओलांडता येते.

पहिला बदल क्रमाचा करावा, कारण त्यात काहीही सोडावे लागत नाही. टाइप २ मधुमेह असलेल्या व्यक्तींवरील अभ्यासांत असे दिसले आहे की तेच पदार्थ तेवढ्याच प्रमाणात, पण भाज्या आणि प्रथिने आधी व पोळी-भात शेवटी या क्रमाने खाल्ले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. आपल्या पंगतीची रीत नेमकी उलटी आहे. तेथे पहिला मान वरण-भात-तुपाच्या मुदीचा असतो. घरी मात्र काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, पालेभाजी, वाटीभर दाट वरण किंवा उसळ आधी संपवून मग पोळीला हात लावावा आणि भात शेवटी घ्यावा. अनेकांना एवढ्यानेच भात कमी लागतो असे आढळते, कारण तोवर भूक निम्मी भागलेली असते.

दुसरा बदल प्रमाणाचा. चार पोळ्या आणि भात यांऐवजी दोन पोळ्या आणि पाऊण वाटी भात, किंवा एक भाकरी आणि अर्धी वाटी भात असे करावे. रिकामी झालेली जागा तशीच ठेवू नये, अन्यथा चार वाजता समोसा ठरलेला. तेथे मूग-मटकीची उसळ, चण्याचा रस्सा, दोन अंडी, ५० ग्रॅम पनीर, सोयाबीनच्या वड्या, घट्ट दही यांपैकी काहीतरी यावे. सोयाबीनच्या वड्यांत निम्म्याहून थोडी अधिक प्रथिनेच असतात, त्यामुळे कमी खर्चात प्रथिने वाढवायची असतील तर मूठभर वड्या भाजीत टाकणे हा सोपा मार्ग आहे. बटाट्याची भाजी ज्या दिवशी असेल त्या दिवशी तिला भाजी न समजता भाताचा भाग समजावे. वांग्याचे भरीत, मेथी, चवळी, अंबाडी, दोडके यांना ताटात कितीही जागा द्यावी.

ज्वारीविषयी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. भाकरीला हल्ली औषधाचा दर्जा मिळाला आहे आणि ‘भाकरीच तर खाल्ली’ असे म्हणून तीन भाकरी खाणारे लोक आहेत. ज्वारीत तंतू आहेत, ती पोटभरीची आहे आणि चवीला उत्तम आहे. परंतु तिच्या पिठातही सुमारे ७० टक्के कर्बोदकेच असतात. एका भाकरीने होणारा फायदा दुसऱ्या-तिसऱ्या भाकरीने सहज खाऊन टाकला जातो. भाताऐवजी भाकरी घेण्याने सुस्तीला उतार पडत असेल तर तो पुष्कळदा धान्य बदलल्यामुळे पडतो तितकाच सोबत झुणका किंवा उसळ आल्यामुळेही पडतो.

शिजवून गार केलेल्या भातातल्या स्टार्चचा काही भाग न पचणाऱ्या रूपात जातो आणि त्यामुळे असा भात, पुन्हा गरम केला तरी, साखर किंचित कमी चढवतो. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणाऱ्या घरांना हे ऐकून बरे वाटेल. मात्र नागपूरच्या उष्णतेत भात ओट्यावर तसाच ठेवू नये. शिजवलेल्या भातात टिकून राहिलेले काही जंतू उबेत वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. भात तासाभरात पसरून गार करून फ्रिजमध्ये ठेवता येत असेल तरच हा प्रकार करावा. यातून मिळणारा लाभ लहान आहे, जुलाबांची किंमत मोजण्याइतका तर नक्कीच नाही.

तर्री पोहे आणि उपवास

सकाळच्या सुस्तीसाठी तर्री पोह्यांकडे बोट दाखवले जाते. एका प्लेटीत ६० ग्रॅम कोरडे पोहे धरले तर सुमारे ४५ ग्रॅम कर्बोदके आणि ४ ग्रॅम प्रथिने होतात. त्यावर शेव, शेजारी आलूबोंडा आणि मागून साखरेचा चहा आला की न्याहारी जवळजवळ पूर्णपणे पिष्टमय होते. तरीही नागपूरच्या पोह्यांना एक सोय आहे जी इतर ठिकाणच्या पोह्यांना नाही, ती म्हणजे तर्रीतला काळा चणा. ठेल्यावर पोहे घेताना नुसती तर्री वाढवून मागण्याऐवजी चणे जास्त मागावेत आणि पोहे अर्धे करावेत. घरी करताना पोह्यांइतकेच शिजलेले चणे घ्यावेत, भरपूर कांदा आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालावा, लिंबू पिळावे. दाण्यांची मूठ वाढवली तरी चालेल. पोहे सोडण्याचा सल्ला या शहरात कोणी पाळणार नाही आणि तो देण्याचे कारणही नाही.

उपवासाच्या दिवशीची सुस्ती याहून खरी असते. साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च आहे; १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आणि प्रथिने एक ग्रॅमही नाहीत. त्यात बटाटा आणि वरून साखर घातली की उरलेली कसरही भरून निघते. दाण्याचे कूट हाच साबुदाण्याच्या उसळीतला, म्हणजे खिचडीतला, एकमेव सावरणारा घटक आहे, म्हणून ते हात राखून घालू नये. शक्य असेल तर साबुदाण्याऐवजी राजगिरा घ्यावा, कारण त्यात १०० ग्रॅममागे १३ ते १४ ग्रॅम प्रथिने असतात. भगर आणि दाण्याची आमटी, सोबत दही, हे जेवणही साबुदाण्यापेक्षा चांगले. दिवसभर काही न खाता संध्याकाळी एकदम साबुदाण्याची मोठी प्लेट खाणे टाळावे.

उन्हाळ्याचा वेगळा हिशेब

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना दुपारी येणारी गुंगी कर्बोदकांच्या खात्यावर लिहिण्याआधी पाणी किती प्यालो हे पाहावे. शरीरातले पाणी थोडे कमी झाले तरी एकाग्रता घटते आणि डोके दुखू लागते, आणि हे सर्व जेवणानंतरच्या सुस्तीसारखेच दिसते. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या अतितप्त नऊ दिवसांत, ठेवलेली नोंद डिसेंबरच्या नोंदीशी ताडून पाहू नये. लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर आधी पाणी वाढवावे आणि दोन दिवसांनी पुन्हा आकडा लिहावा.

याच दिवसांत साखर सर्वांत जास्त पेल्यातून पोटात जाते. उसाच्या रसाच्या २५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चहाचे चमचे, आणि ती चावावी न लागल्याने झपाट्याने रक्तात पोहोचते. पन्हे आणि बेलाचे सरबत घरी केले तर गूळ-साखर निम्मी करता येते. मीठ-जिरे घातलेले पातळ ताक तर साखरेविना तहान भागवते. संत्र्याच्या हंगामात रस काढण्याऐवजी संत्रे सोलून खावे, त्यात चोथा पोटात जातो आणि चार संत्र्यांचा रस एका घोटात जाण्याऐवजी एका-दोन संत्र्यांवर समाधान होते. आमरस-पोळीच्या दिवशी भात वगळावा, रसात साखर घालू नये, आणि दुसरी वाटी घेण्याआधी थोडे थांबावे. एवढे करूनही झोप आली तर ती मान्य करावी. आमरस रोज नसतो.

जेवण झाल्यावर

जेवणानंतर दहा ते पंधरा मिनिटे चालल्याने स्नायू रक्तातले ग्लुकोज वापरू लागतात आणि साखरेचा चढ कमी होतो. चालण्याचा वेग साधारण असावा. उन्हात बाहेर पडण्याची गरज नाही, कार्यालयाच्या व्हरांड्यात किंवा घरात कूलरसमोरून फेऱ्या मारल्या तरी चालते. जेवणानंतर लगेच खुर्चीत बसणारा आणि भांडी आवरणारा यांच्या दुपारी वेगवेगळ्या जातात, हे घरोघरी पाहता येईल. मात्र ज्येष्ठ व्यक्तीला जेवणानंतर चक्कर येत असेल तर तिने लगेच उठून चालू नये.

ज्यांना शक्य आहे त्यांनी वीस मिनिटांची डुलकी गजर लावून घ्यावी. तासभर झोपल्यास गाढ झोपेतून उठावे लागते आणि उठल्यावर डोके अधिकच जड वाटते. चारनंतर झोपल्यास रात्रीची झोप बिघडते आणि दुसऱ्या दिवशीची दुपार आणखी वाईट जाते. चहाबाबत एवढेच: तो जेवणानंतर लगेच घेतल्याने अन्नातले लोह कमी शोषले जाते, म्हणून तासभर थांबावे, साखर अर्धी करावी आणि संध्याकाळी उशिरा घेऊ नये.

वाहन चालवणाऱ्यांसाठी ही केवळ आळसाची बाब नाही. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि त्याचे लांबच लांब सरळ टप्पे भरल्या पोटी पार करताना डोळा लागण्याचा धोका असतो. दुपारी निघायचे असेल तर निघण्याआधी हलके खावे, दही किंवा अंडी-चणे असे काही घ्यावे, भात आणि गोड मुक्कामी पोहोचल्यावर घ्यावे. जांभया सुरू झाल्या की काच खाली करणे किंवा गाणी मोठ्याने लावणे याने काही साधत नाही. सुरक्षित थांब्यावर गाडी उभी करून वीस मिनिटे झोपणे हाच उपाय आहे.

महालक्ष्म्यांच्या प्रसादाला किंवा लग्नाच्या पंगतीला यातले फारसे काही जमणार नाही. पुरण, आंबील, कढी, भजी आणि भाज्या समोर असताना वाटी मोजू नये; सकाळी हलके खावे, पुरणपोळी आधी आणि भात नावापुरता घ्यावा, आणि संध्याकाळचे जेवण ताकावर भागवावे.

तपासणी केव्हा आणि कोणती

वरील बदल तीन-चार आठवडे करूनही आकडा हलत नसेल, किंवा तहान व लघवी वाढली असेल, वजन कारणाविना घटत असेल, घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, कंबरेचा घेर वाढलेला असेल, तर रक्ततपासणी करून घ्यावी. उपाशीपोटीची साखर दर डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमच्या आत असावी. १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था आणि १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेहाची शक्यता, जिची दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजायची असते, जेवण संपल्यापासून नव्हे, आणि ही चूक फार जण करतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत दोन तासांची साखर १४० च्या आत सामान्य, १४० ते १९९ मधुमेहपूर्व आणि २०० किंवा अधिक मधुमेहाची समजली जाते. या चाचणीच्या आधी तीन दिवस नेहमीसारखे जेवावे. आधीच भात-पोळी बंद करून गेल्यास निकाल चुकीने वाढलेला दिसू शकतो.

तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी चाचणी सोयीची आहे, ५.७ टक्क्यांच्या खाली सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ पासून पुढे मधुमेह. परंतु विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि सिकलसेल, थॅलेसेमिया किंवा लोहाच्या कमतरतेचा पांडुरोग असल्यास या चाचणीचा आकडा दिशाभूल करू शकतो. कुटुंबात सिकलसेल असेल किंवा स्वतः वाहक असाल तर हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे ते ग्लुकोजच्या थेट चाचण्यांवर भर देतील. घरच्या ग्लुकोमीटरवर मोजताना हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण संत्रे सोललेल्या किंवा गोड खाल्लेल्या बोटावरची साखर आकडा फुगवते. दंडावर लावायचे साखर मोजणारे सेन्सर हल्ली निरोगी लोकही वापरतात. जेवणानंतर साखर थोडा वेळ १४० च्या वर जाऊन खाली येणे निरोगी माणसातही घडते, त्यामुळे प्रत्येक टेकडी पाहून घाबरू नये.

थरथर आणि घाम यांची तक्रार असेल तर ती होत असतानाच साखर मोजणे महत्त्वाचे आहे. त्या क्षणी आकडा ठीक असेल तर कारण घबराट, जास्त चहा-कॉफी किंवा थायरॉइड असे दुसरे काही असू शकते. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे लक्षण अधिक गांभीर्याने घ्यावे. ज्येष्ठांच्या बाबतीत जेवणाआधी आणि नंतर दोन तासांपर्यंत दर अर्ध्या तासाने रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल तर ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. जेवण लहान-लहान करणे, कर्बोदके कमी करणे आणि जेवणाआधी पेलाभर पाणी पिणे यांचा अशा व्यक्तींना उपयोग होतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर अर्थातच आधी विचारावे.

दिवसभर थकवा असल्यास हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी१२ तपासावे. बी१२ ची कमतरता शाकाहारी घरांत नेहमी आढळते आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध बराच काळ घेणाऱ्यांतही ती वाढते. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडखळणाऱ्या व्यक्तीची सुस्ती मात्र आहार बदलून जाणार नाही, तिला झोपेची तपासणी लागते. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनीही दुपारी गुंगी येते, म्हणून वहीत औषधांचाही रकाना ठेवावा.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असलेल्यांनी भात-पोळी स्वतःहून अचानक कमी करू नये. औषधाची मात्रा जुन्या ताटाला धरून ठरलेली असते आणि ताट निम्मे झाले की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांना वही दाखवून मात्रा बदलून घ्यावी आणि मग ताट बदलावे. तोवर ग्लुकोमीटर जवळ असावा. साखर ७० च्या खाली गेली आणि व्यक्ती शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजूनही कमी असल्यास तेवढीच पुन्हा द्यावी, आणि साखर सावरल्यावर पुढचे जेवण लांब असेल तर पोळी-भाजी खायला द्यावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.